ट्रेमध्ये हिरवी, ड्रममध्ये पांढरी: गच्चीवरच्या अ‍ॅक्वापोनिक्समधल्या पालकाचं प्रकरण

ओळखीच्या काका-काकूंनी गच्चीवर अ‍ॅक्वापोनिक्स मांडलं होतं, म्हणजे माशांच्या टाकीचं पाणी खडीत फिरवून मातीशिवाय भाजी. तक्रार एका वाक्याची होती: "बियाणं बोगस निघतंय." पालकाची पाकिटं तीन वेगवेगळ्या दुकानांतून आणून झाली होती. मेथी घरच्या डब्यातली होती, लेट्यूसचं बी मुलाने ऑनलाइन मागवलं होतं. भाजी कशाचीच हाती लागली नव्हती. मासे मात्र ठणठणीत होते.

हे घर पुण्याच्या पूर्वेला, वाघोलीच्या पुढे. सोसायटीला पाणी बोअरचं आणि उन्हाळ्यात टँकरचं. काका नोकरीतून निवृत्त झालेले, पाइप-सायफनची जोडाजोड त्यांच्याकडे. पेरणी, रोपं आणि माशांचं खाणं काकूंकडे. माझी त्यांची जुनी ओळख, आणि असल्या टाक्या मी बऱ्याच पाहिलेल्या, म्हणून मला बोलावणं आलं.

वर जाऊन पाहिलं तर एका वाक्यात तीन तक्रारी कोंबलेल्या निघाल्या. काही बी उगवतच नव्हतं. काही उगवून नाहीसं होत होतं. आणि जे ट्रेमध्ये झकास वाढायचं ते ड्रममध्ये लावलं की आठवड्या-दोन आठवड्यांत पांढरं पडायचं. या तिघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. बियाण्यावर आळ घेतल्यामुळे तिन्हींकडे दुर्लक्ष झालं होतं.

मांडणी

पाचशे लिटरची काळी टाकी, तिच्यात साधारण ४०० लिटर पाणी. शेजारी लोखंडी अँगलच्या स्टँडवर २०० लिटरचा निळा ड्रम लांबीत मधोमध चिरून केलेले दोन अर्धे ड्रम, खडीने भरलेले, मध्यभागी जेमतेम फूटभर खोल. टाकीतला छोटा सबमर्सिबल पंप पाणी वर चढवतो, ड्रम हळूहळू भरतो, एका पातळीला आला की बेल सायफन भस्सकन सगळं पाणी खाली टाकीत सोडतो. मुळांना आळीपाळीने पाणी आणि हवा मिळते. एअर पंप वेगळा, इन्व्हर्टरवर जोडलेला. हे काकांनी पहिल्या दिवसापासून नीट केलं होतं.

टाकीत कोई मासे. घर शाकाहारी, त्यामुळे रोहू-कटला किंवा चिलापी पाळून खायचा प्रश्नच नव्हता. सगळ्या माशांचं मिळून वजन अंदाजे किलोभर, आणि खाद्य रोज २० ग्रॅम, सकाळ-संध्याकाळ विभागून. हा २० ग्रॅमचा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो अडवणार आहे.

अशा टाकीचं काम कसं चालतं ते थोडक्यात. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. खडीवर बसलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. झाडं नायट्रेट घेतात, पाणी स्वच्छ होऊन माशांकडे परत जातं. नत्राची सोय झाली. बाकी अन्नद्रव्यं माशांच्या खाद्यातून जेवढी येतील तेवढी. लोह, पोटॅश आणि कॅल्शियम या तिन्हींची त्यात तूट राहते, हे अ‍ॅक्वापोनिक्स करणाऱ्यांना बरीच वर्षं माहीत आहे. अमेरिकेच्या व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स राकॉसी यांच्या गटाने जी मोठी यंत्रणा वर्षानुवर्षं चालवली, तिच्यातही ही तिन्ही वरून द्यावी लागत. "मासे आहेत म्हणजे खताची चिंता नाही" हे वाक्य विकणाऱ्याचं आहे, चालवणाऱ्याचं नाही.

न उगवलेलं आणि नाहीसं झालेलं

लेट्यूसचा निकाल लगेच लागला. पेरणी मार्च संपताना, ट्रे पत्र्याच्या शेडखाली. लेट्यूसचं बी तापलेल्या जागी उगवत नाही. आजूबाजूचं तापमान ३० अंशांच्या आसपास गेलं की बहुतेक जातींचं बी पाणी पिऊन नुसतं पडून राहतं. तेच बी ओल्या टिश्यूत गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात दोन दिवस ठेवलं आणि ट्रे घरात, फरशीवर आणला, तेव्हा उगवलं. तरी माझं मत असं की पुण्याच्या गच्चीवर एप्रिल-मेमध्ये लेट्यूसच्या नादी लागू नये. माठ आणि अंबाडी त्याच उन्हात बिनतक्रार येतात.

पालक आणि मेथी काकूंनी सुरुवातीला थेट खडीत पेरली होती. भरती-ओहोटीच्या ड्रममध्ये वरची दीड-दोन इंच खडी कोरडीच ठेवायची असते, म्हणजे शेवाळ धरत नाही आणि रोपांचे बुंधे कुजत नाहीत. साहजिकच वर पडलेलं बी कोरडं राहतं, फटीतून खाली घरंगळलेलं बी पाण्यात कुजतं, नाहीतर अंधारात उगवून संपतं. मेथीचे थोडे कोंब वर आले होते ते चिमण्यांनी टिपले. घेवड्यासारखं मोठं बी ओलीच्या पातळीपर्यंत बोटाने खोचलं तर चालतं. बारीक बियांसाठी ट्रेच हवा.

ट्रेचं काम काकूंचा हात बसल्यावर उत्तम होऊ लागलं होतं, त्यात शिकवण्यासारखं काही नव्हतं. ९८ खाचांचा प्रो-ट्रे, धुतलेलं कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत. कोकोपीट त्या तीन-तीनदा धूत होत्या, कारण विटेत बरेचदा मीठ असतं आणि कोवळ्या मुळांना ते सोसत नाही. धणे लाटण्याने रगडून दोन फाका करून रात्रभर भिजवायच्या. पालकाच्या खडबडीत गोळीतून मात्र दोन-तीन रोपं एकदम येतात, कारण ती गोळी म्हणजे एकच बी नसतं. जोमदार एक ठेवून बाकीची काकू कात्रीने कापत होत्या. उपटली की शेजारचीही मुळं हलतात.

एकच ठिकाण असं होतं की जिथे मी हात धरला. भेंडीचं बी वाटीत भिजत होतं आणि वाटीतलं पाणी गुलाबी झालं होतं. काकू ते ड्रममध्ये ओतायला निघाल्या.

"काकू, हे ड्रममध्ये नको."

"का रे? पाणीच तर आहे."

पाकीट उलटं करून दाखवलं. मागे बारीक अक्षरांत छापलं होतं, थायरम लावलेलं बियाणं, खाण्यासाठी वापरू नये. थायरम हे बुरशीनाशक माशांना फारच विषारी आहे. मातीत पेरताना त्याचं काही वाटत नाही, पण इथे खालच्या टाकीत मासे आहेत. असं रंगीत बी कुंडीत पेरावं किंवा मुळीच आणू नये. सेंद्रिय म्हणून विकलं जाणारं कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी यांचीही या गच्चीवर तीच गत. मावा पडला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने उडवायचा.

पांढरी पडणारी पानं

आता खरं दुखणं. ट्रेमधली रोपं गर्द हिरवी. त्याच पाकिटातली, त्याच दिवशी पेरलेली रोपं ड्रममध्ये फिकट. जुनी पानं हिरवीच होती, पिवळेपणा नव्या पानांवर येत होता. शिरा हिरव्या, मधला भाग आधी पोपटी, मग लिंबाच्या रंगाचा, शेवटी कागदासारखा पांढरा. शेंड्याचं पान तर शिरांसकट पांढरं.

नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतून ते काढून नव्यांना देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात. लोहाचं तसं होत नाही. एकदा पानात गेलेलं लोह झाड परत काढून घेऊ शकत नाही, म्हणून तुटवडा पडला की उपाशी राहतं ते शेंड्याचं पान. ऊस चुनखडीच्या जमिनीत पांढरा पडतो, ज्याला केवडा पडला म्हणतात, तोच हा प्रकार. वाघोलीच्या गच्चीवर माती नाही, मग चुनखड आली कुठून?

मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या थेंबांच्या किटने पाणी तपासलं. अमोनिया ०.२५, नायट्राइट शून्य, नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या घरात. म्हणजे जिवाणू आपलं काम चोख करत होते आणि नत्र मुबलक होतं. सामू (पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा, ७ म्हणजे मधोमध) ८.२. अल्कता, म्हणजे आम्ल पचवायची पाण्याची ताकद, लिटरला ३०० मिलिग्रॅमच्या आसपास.

काकांना सामूचा आकडा ठाऊक होता. तो खाली आणायला त्यांनी लिंबू पिळलं होतं, व्हिनेगर घातलं होतं. "संध्याकाळी सात येतो, दुसऱ्या दिवशी परत आठ-दोन. हा आकडा कुठून शिकून येतो कोण जाणे!" त्यांच्या या वाक्यातच उत्तर होतं. चुनखडीचा दगड हवेशी संबंध असलेल्या पाण्यात राहिला की त्या पाण्याचा सामू ८.२-८.३ च्या जवळ येऊन थांबतो. घातलेलं आम्ल दगड विरघळवण्यात खर्ची पडतं. आम्ल संपतं, दगड उरतो, सामू जागेवर.

ड्रममधली खडी काळी, क्रशरवरची, म्हणजे आपल्या दख्खनच्या बेसॉल्टची. तिच्यावर माझा थोडा संशय होता, कारण या दगडाच्या पोकळ्यांत आणि भेगांत काही वेळा पांढरं कॅल्साइट भरलेलं असतं. स्टीलच्या वाटीत काळे खडे घेऊन त्यावर व्हिनेगर ओतलं. एखाद-दुसरा बुडबुडा, बाकी शांत. मग लक्ष गेलं वरच्या थराकडे. दिसायला छान म्हणून दोन्ही ड्रमांवर नर्सरीतून आणलेले गुळगुळीत पांढरे गोटे पसरलेले होते. त्यातले दोन वाटीत टाकले आणि त्यांच्या अंगावर बारीक बुडबुड्यांची रांगच्या रांग उभी राहिली, वाटीला कान लावला तर चुरचुर ऐकू येत होती. गोटे संगमरवराचे होते. संगमरवर म्हणजे चुनखडीच, भूगर्भात भाजून-दाबून निघालेली.

पानात लोहच कमी आहे हे पक्कं करायला एक जुनी युक्ती वापरली. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (लोहाचं सल्फेट) आणि लिंबाचे काही थेंब. पांढऱ्या पडलेल्या एका पानाच्या मधल्या शिरेच्या डाव्या बाजूला ते द्रावण चित्रकलेच्या ब्रशने फासलं, उजवी बाजू तशीच सोडली. चार-पाच दिवसांनी काकूंनी फोटो पाठवला. डावी बाजू हिरवी, तीही ठिपक्याठिपक्यांनी, ब्रश जिथे नीट लागला होता तिथे जास्त. उजवी पांढरीच. पानाने स्वतः दिलेली ही साक्ष मला प्रयोगशाळेच्या कागदापेक्षा जास्त पटते, शिवाय फुकट असते.

ट्रेमधली रोपं हिरवी का, याचाही उलगडा झाला. गांडूळखतात रोपाला उचलता येईल अशा रूपात लोह असतं आणि चार पानं होईपर्यंत तेवढं पुरतं. ड्रममध्ये गेल्यावर नवं लोह मिळत नाही. रोप साठ्यावर काही दिवस तग धरतं, म्हणून पहिला आठवडा सगळं छान दिसतं, आणि दोष भलतीकडेच जातो.

उपाय, आणि उपायातली अडचण

काकांनी आधी टाकीत गंजके खिळे टाकून पाहिले होते. नंतर हिराकसही. ८.२ सामूच्या पाण्यात दोन्ही व्यर्थ. लोह लगेच गंजाच्या रूपात तळाला बसतं आणि झाडाला ते उचलता येत नाही. कृषी सेवा केंद्रात सर्रास मिळणारं ईडीटीए चिलेटही (चिलेट म्हणजे लोहाला धरून पाण्यात विरघळलेलं ठेवणारं संयुग) या सामूला टिकत नाही, त्यातली लोहाची जागा पाण्यातलं कॅल्शियम घेतं. टिकतं ते ईडीडीएचए. महाग आहे, पण चुनखडीच्या जमिनीतले बागायतदार तेच वापरतात, त्यामुळे मिळायला अडचण नाही.

मात्रा लिटरला २ मिलिग्रॅम लोह. ४०० लिटरला ०.८ ग्रॅम लोह झालं, आणि पुडीत लोह ६ टक्के, म्हणून पुडी १३ ग्रॅम. सगळं पाणी कोकमाच्या आगळासारखं लाल झालं. काकूंनी धसका घेतला, मासे दिसेनात म्हणून. माशांना या मात्रेने काही होत नाही. रंग हळूहळू उतरतो, साधारण तीन आठवड्यांनी पुन्हा द्यायचं. नवी फूट हिरवी येऊ लागली. जी पानं पांढरी होऊन गेली होती ती तशीच राहिली, ती खुडून टाकली.

इथे थांबलं असतं तरी पालक आला असता. पण ८.२ वर राहणं मला माशांच्या बाजूने पटत नव्हतं. अमोनियाचा जो भाग माशांना मारतो त्याचं प्रमाण सामूवर ठरतं. २८ अंशांच्या पाण्यात सामू ७ असेल तर एकूण अमोनियाच्या शेकडा एकापेक्षाही कमी भाग विषारी असतो, ८.२ ला तो शेकडा दहाच्या घरात जातो. किटवर ०.२५ दिसतंय तोवर निभावतं. उन्हाळ्यात एखादा मासा मरून कोपऱ्यात पडून राहिला, की तेच पाणी बाकीच्यांना पुरून उरेल.

गोटे काढले, पण दोन्ही ड्रमांचे एकदम काढले नाहीत. आधी एकाचे, काही आठवड्यांनी दुसऱ्याचे, म्हणजे जिवाणूंना एकाच वेळी धक्का नको. काकांची अपेक्षा होती की आता सामू घसरेल. घसरला नाही. याचा हिशोब पाहण्यासारखा आहे.

जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना आम्ल तयार करतात. एक ग्रॅम नत्रामागे पाण्यातली सात ग्रॅमहून थोडी जास्त अल्कता खर्च होते. रोजच्या २० ग्रॅम खाद्यातून, प्रथिनं ३२ टक्के धरली तर, साधारण एक ग्रॅम नत्र येतं, त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त अमोनिया होऊन बाहेर पडतं. म्हणजे दिवसाला अंदाजे चार ग्रॅम अल्कता खर्च. दुसऱ्या बाजूला, मे महिन्यात बाष्पीभवन आणि झाडं मिळून रोज दहा लिटर पाणी जात होतं. ते भरून काढायला टँकरचं पाणी, लिटरला ३०० मिलिग्रॅम अल्कतेचं. रोजची तीन ग्रॅम जमा. खर्च चार, जमा तीन. या गतीने सामू उतरायला पावसाळा उजाडला असता.

म्हणून रोजची घट भरून काढायचं पाणी वेगळ्या ड्रममध्ये आदल्या दिवशी तयार करायचं ठरलं. फॉस्फोरिक आम्लाचे मोजके थेंब, ढवळून रात्रभर एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा दगड) सोडायचा, सकाळी सामू पाहून मगच टाकीत. आम्ल थेट माशांच्या टाकीत कधीच नाही. लिंबू-व्हिनेगर बंद. सामू दिवसाला दोन-तीन दशांशांपेक्षा जास्त हलू द्यायचा नाही. जूनमध्ये पाऊस लागल्यावर हे सगळं सोपं झालं. पहिल्या दोन सरींचं पाणी गच्ची धुवून जाऊ दिलं, नंतरचं पिंपात धरलं. पावसाच्या पाण्याला अल्कता नसल्यात जमा.

सामू ७ च्या खाली गेल्यावर पालक असा काही उठला की दोन्ही ड्रम दाट भरले. आणि मग पुन्हा पिवळेपणा आला! काका फोनवर वैतागलेच. फोटो पाहिला तर या वेळी खालची, जुनी पानं पिवळी. किटमध्ये नायट्रेट ५ च्या खाली. आधीचं ४० हे समृद्धीचं लक्षण नव्हतं, खुरटलेल्या रोपांनी न खाल्लेलं अन्न साचलं होतं. आता रोपं जेवायला बसली आणि ताट अपुरं पडलं.

इथे तो २० ग्रॅमचा आकडा आडवा येतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ साली छोट्या यंत्रणांसाठी जो ठोकताळा दिला आहे, त्यानुसार पालेभाज्यांच्या एका चौरस मीटरला रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य पुरतं. दोन अर्ध्या ड्रमांचं मिळून क्षेत्र जवळपास एक चौरस मीटर. म्हणजे घरचे मासे एका ड्रमापुरती पालेभाजी पोसतात, दोन नाही. खाद्य वाढवायचं तर मासे ते खायला हवेत, उरलेलं कुजतं. मी सांगितलं ते असं: एका ड्रममध्ये पालक-मेथी-माठ दाट घ्या, दुसऱ्यात मोजकी झाडं ठेवा. काकूंना अर्धा ड्रम मोकळा दिसणं आवडलं नाही. त्यांनी तिथे पुदिन्याच्या काड्या खोचल्या आणि एका कोपऱ्यात अळू. मासे वाढतील तसं खाद्य वाढेल, तेव्हा तोही भरेल.

सध्याची स्थिती

सामू ६.६ ते ६.९ मध्ये फिरतो. आता काळजी उलट दिशेची आहे: पावसाचं पाणी आणि जिवाणूंचं आम्ल मिळून तो घसरतच राहतो, आणि ६ च्या जवळ गेला की जिवाणूच मंदावतात. त्यासाठी काढलेले पांढरे गोटेच कामाला आले. मूठभर गोटे कांद्याच्या जाळीच्या पिशवीत बांधून ठेवलेत. ६.६ दिसला की पिशवी पंपाच्या धारेखाली टांगायची, ६.९ ला काढायची. याच सामूला ईडीटीए चिलेटही बऱ्यापैकी टिकत असल्याने ईडीडीएचए संपल्यावर ते स्वस्तातलं चालेल का, हे आम्ही एका ड्रमपुरतं नाही तपासू शकत, पाणी एकच आहे. म्हणून महागडंच चालू ठेवलंय.

पेरणीची घडी बसली आहे. काकू दर आठवड्याला ट्रेची एक ओळ पेरतात, म्हणजे सगळा पालक एकाच वेळी काढणीला येत नाही. रोप लावताना मुळांभोवतीचं कोकोपीट सुती कापडाच्या चिंधीत गुंडाळतात, कारण त्याचा चुरा पंपाच्या जाळीत अडकत होता. सोसायटीची टाकी धुऊन टीसीएल पावडर (क्लोरीनची, माशांना आणि जिवाणूंना घातक) टाकली जाते त्याची सूचना लिफ्टजवळ लागते, तेव्हा दोन दिवस घट भरायला पाणी पिंपातलंच घ्यायचं, हेही ठरलंय.

टोमॅटो बाकी आहे. त्याला फळं धरताना पोटॅश भरपूर लागतं आणि माशांच्या खाद्यात ते फारच थोडं. ०-०-५० (पोटॅशचं विद्राव्य खत) थोडं थोडं द्यायचं, की सामू घसरेल तेव्हा गोट्यांच्या पिशवीऐवजी पोटॅशियम बायकार्बोनेट वापरून दोन्ही कामं एकदम साधायची, यावर काकांचं आणि माझं एकमत झालेलं नाही. त्यांना दुसरा मार्ग आवडतो, कारण एका पुडीत भागतं. मला वाटतं तसं केलं तर पोटॅश किती गेलं हे पाऊस ठरवेल, आपण नाही. काकूंनी तोवर टोमॅटोची ओळ पेरून टाकली आहे, साध्या, न रंगवलेल्या बियांची.